संमती होती, तर लपता कशाला?

"परवानगी तुम्हीच दिलीत." ब्राउझर बळकावणाऱ्या प्रत्येक कंपनीचं हे पालुपद ठरलेलं. तुम्ही सातबारा शोधायला बसता, तर शोधाचं पानच वेगळं. ओळखीच्या नावाच्या जागी कधी न ऐकलेलं नाव आणि वर ओळीने जाहिराती. जाब विचारा, उत्तर तयार: टिक तुमची, क्लिक तुमचं, अटीही तुम्हीच मान्य केल्यात. त्यात आपल्याकडचे शहाणे सूर मिसळतात, "काय दाबतोय ते बघायला नको?" माझं भांडण दोघांशीही आहे. कंपन्यांशी, कारण त्या धडधडीत खोटं बोलतात. शहाण्यांशी, कारण ते या खोट्याची वकिली फुकटात करतात.

ही संमती कशी मिळवतात ते बघायचं असेल, तर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही ई-सेवा केंद्रात जूनमध्ये जाऊन उभे राहा. रांग दाराबाहेर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. संगणकावर बसलेल्या मुलीपुढे एक पालक घाम पुसत उभा. त्याच्या मोबाइलमधला फोटो चार एमबीचा, आणि पोर्टलला तो हवा पन्नास केबीच्या आत. साइट मधूनच लटकते. मुलगी गूगलवर 'फोटो रिसाइज' टाकते. जे पान उघडतं त्यावर 'डाउनलोड'ची तीन बटणं. दोन मोठी, हिरवीगार, ती जाहिरातीची. खरं बटण कोपऱ्यात, बारीक, राखाडी. ती मोठं दाबते. कोण दाबणार नाही? मग 'एक्स्टेन्शन जोडायचं का?' असा प्रश्न येतो आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे एक्स्टेन्शन सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू शकेल, बदलू शकेल. फोटो लहान करायला सगळ्या वेबसाइटवरचा डेटा कशाला लागतो? हा प्रश्न कुणी विचारायचा? रांगेला तोंड देणाऱ्या त्या मुलीने, की ज्याच्या दुकानात हा माल मांडलाय त्याने?

पुढची पायरी तर निर्लज्जपणाची कमाल आहे. शोध बदललेला दिसला की क्रोम स्वतःहून विचारतं, हे तुम्हाला हवं होतं का, की पूर्वीसारखं करू? हे महाभाग त्याच जागी बाण काढून ठेवतात: 'असंच राहू द्या' दाबा, नाहीतर फोटोचं काम चालणार नाही. म्हणजे इशारा देणाऱ्याचं तोंडही त्यांनीच दाबलं. यानंतर ते म्हणतात, संमती होती!

रेवदंड्याजवळच्या एका केंद्रातलं असंच एक मशीन मी उघडून बसलो होतो. एक्स्टेन्शनच्या यादीत पाहुणा ऐटीत बसलेला. नाव पीडीएफचं, धंदा शोध पळवण्याचा. 'काढून टाका'चं बटण मेलेलं. वर सूचना: हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे. कुठली संस्था? दोन टेबलं, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि भिंतीवर दरपत्रक, एवढाच त्या केंद्राचा पसारा! भानगड अशी, की मोठ्या कार्यालयांना शेकडो संगणकांवर एकसारखे नियम लावता यावेत म्हणून क्रोममध्ये सोय आहे, आणि ते नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिले जातात. भामट्यांनी नेमकी तिथे आपली नोंद घुसवली. आता मालक ते, आणि संगणकाचे पैसे भरणारा त्यांचा ताबेदार. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हाचे गुणधर्म उघडले, तर फाइलच्या नावापुढे एक परका पत्ता चिकटवलेला. सेटिंगमध्ये काहीही बदला, चिन्हावर क्लिक केलं की तेच पान हजर. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आणखी एक नोंद होती: संगणक सुरू झाला की हे सगळं पुन्हा बसवायचं.

ज्याला राजीखुशीने घरात घेतलं, तो पाहुणा आतून कडी का घालतो?

या एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. शिरायला एक क्लिक पुरतं, आणि काढायला रजिस्ट्री, शेड्युलर, शॉर्टकट अशी तालुक्याभर वणवण. लोकांना खरंच हवा असलेला माल विकणारा दुकानदार परतीचा रस्ता बंद करत नाही, त्याला त्याची गरजच पडत नाही. यांना पक्कं ठाऊक आहे की काढायचं बटण चाललं तर संध्याकाळपर्यंत एकही मशीन हातात राहणार नाही. आपल्याला कुणाचीही संमती नाही, हे सगळ्यांत आधी यांनाच कळलेलं आहे.

आमच्या किनाऱ्याला हा धंदा नवा नाही. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज दोनशे वर्षांहून जास्त ठाण मांडून होते. समुद्र कुणाच्या बापाचा नव्हता, गलबतं इथल्या व्यापाऱ्यांची, माल त्यांचा, वारा देवाचा. तरी पोर्तुगिजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारायचं नाही, त्यांच्या बंदराला लागायचं, जकात भरायची, मग पुढे. परवाना नसेल तर जहाज जप्त. हे शोध पळवणारे आज तेच करतात. यांचं स्वतःचं सर्च इंजिन बहुतेक वेळा नसतंच. तुम्ही टाकलेला शब्द आधी यांच्या सर्व्हरला लागतो, तिथे त्याची नोंद होते, आणि मग तो बिंगकडे किंवा याहूकडे ढकलला जातो. जाहिरातीवर क्लिक झालं की त्यातला वाटा यांच्या गल्ल्यात. निकाल दुसऱ्याचा, संगणक तुमचा, वीज तुमची आणि जकात यांची. आयत्या बिळावरचे हे नागोबा वर स्वतःला 'शोधाचा अनुभव सुधारणारे' म्हणवून घेतात.

त्या जकातीचा भार शेवटी कुणावर पडतो? महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा काढायचा तर पंधरा रुपये. पण पळवलेल्या शोधात सरकारी साइट जाहिरातींच्या खाली गाडली जाते आणि वर दिसतात 'त्वरित उतारा' देणारे मध्यस्थ. पंधरा रुपयांच्या कागदाला ते काय मागतील ते त्यांच्या मर्जीवर. मुरूडच्या वाडीवाल्याला, परळच्या चाळीतून गावच्या जमिनीची काळजी करणाऱ्या त्याच्या भावाला कसं कळावं की पहिली चार नावं सरकारची नाहीत?

कुणी म्हणेल, हे गल्लीतले चोर, यांना एवढं महत्त्व कशाला? गल्लीतले? मग ही प्रतिष्ठितांची यादी बघा. सरकारी ई-निविदा भरायच्या तर डिजिटल सहीसाठी जावा लागायचं. सक्तीचंच. तेव्हा जावाच्या इन्स्टॉलरमध्ये ओरॅकलसारखी बलाढ्य कंपनी 'आस्क टूलबार'ची टिक आधीच मारून ठेवायची. २०१३ च्या सुमारास उघड झालं की हा टूलबार जावा बसल्यावर दहा मिनिटं दबा धरून बसतो आणि मग स्वतःला बसवतो, म्हणजे लगेच तपासायला गेलेल्याला काही सापडू नये. जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या जुन्या आवृत्त्या 'नको असलेलं सॉफ्टवेअर' म्हणून जाहीर केल्या. लेनोव्होने तर क्लिकचीही वाट पाहिली नाही. लॅपटॉप कारखान्यातूनच 'सुपरफिश' घेऊन आले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये भांडं फुटलं तेव्हा दिसलं की जाहिराती घुसवण्यासाठी त्याने बँकेच्या साइटचं कुलूपसुद्धा मध्येच उघडायची सोय केली होती, तीही सगळ्या मशीनांना एकच किल्ली वापरून. खोक्यातून नुकत्याच काढलेल्या लॅपटॉपवर कुणी कुठली टिक केली होती हो?

२०१७ चं 'फायरबॉल' प्रकरण तर थेट आपल्या दारातलं. बीजिंगच्या राफोटेक नावाच्या जाहिरात कंपनीचं हे पिल्लू दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पोटातून यायचं आणि मुखपृष्ठ व शोध बदलून टाकायचं. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जगभरात २५ कोटी संगणकांचा अंदाज दिला आणि त्यात सगळ्यांत जास्त, २ कोटी ५३ लाख, भारतातले. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचं सांगितलं, ते मी मान्य करतो. आकडा निम्म्यावर आणा, आणखी खाली आणा. तरी भारताच्या वाट्याला आलेले संगणक कुणाचे होते? आमच्या केंद्रांतले, शाळांतले, डीटीपीवाल्यांचे.

आणि राखणदार? अवास्ट, ज्याचा अँटिव्हायरस लोकांनी संरक्षणासाठी बसवला, त्यानेच लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करून विकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरचा बडगा उगारला.

गूगलला मी यातून सोडणार नाही. २०१४ पासून विंडोजवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन फक्त त्यांच्या दुकानातून घ्यायचं असा नियम त्यांनी केला, तो चांगला केला. पण मग दुकानातल्या मालाची जबाबदारी कुणाची? 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन जून २०२० मध्ये एका अनामिकाने विकत घेतलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते घातक म्हणून हटवावं लागलं. मालक बदलला तेव्हा वापरणाऱ्यांना कुणी विचारलं? गूगलला आधीपासून लावलेल्या शोधाची किंमत तर सगळ्यांपेक्षा चांगली कळते. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की २०२१ या एका वर्षात त्यांनी शोधाची ती पहिली जागा मिळवायला फोन कंपन्यांना आणि ब्राउझरवाल्यांना २६.३ अब्ज डॉलर मोजले. लोक सेटिंग बदलत नाहीत, हे ज्ञान एवढं महाग विकलं जातं. आणि तरी शोध बदलणाऱ्या एक्स्टेन्शनला तपासून आत सोडायला माणसं परवडत नाहीत म्हणता?

कायदा आहे, गाफील मात्र आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाचं नेहमीचं काम बळकावणाऱ्या आज्ञावलीचा उल्लेख आहे, आणि लबाडीने ते केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी बंद केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर लख्ख लिहिलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळाली पाहिजे. पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत! कंपन्यांना अठरा महिने, आणि मोठं बटण दाबणाऱ्या मुलीला शहाण्यांनी एक सेकंदही द्यायचा नाही?

तोवर मशीन साफ ठेवावंच लागेल. क्रोमचं पॉलिसीचं पान उघडा. घरच्या किंवा केंद्राच्या संगणकावर तुम्ही न घातलेला नियम तिथे दिसला तर तो रजिस्ट्रीतल्या 'पॉलिसीज' मधून जाणकाराकडून काढून घ्या, मग एक्स्टेन्शन उडवा, शॉर्टकट तपासा, शेवटी सेटिंग रीसेट करा. रीसेटने बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, त्या भीतीने थांबू नका. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रारही नोंदवा, कारण नोंद नसली की यांची गोष्टच खरी ठरते.

आणि सरकारी पोर्टल चालवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. चार एमबीचा फोटो पन्नास केबीचा करणं हे सर्व्हरला क्षणाचं काम आहे. अर्जदाराने जो फोटो दिला तो घ्या आणि तुम्हीच लहान करा. पीडीएफचंही तेच करा. ती सोय येत्या जूनच्या आत द्या, म्हणजे आमच्या मुलींना त्या हिरव्या बटणांच्या पानावर जावंच लागणार नाही.