एंटविसलच्या तारा

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसल २७ जून २००२ रोजी लास वेगासच्या एका हॉटेलात वारला. दुसऱ्या दिवशी बँडचा अमेरिका दौरा सुरू व्हायचा होता. वर्ष उलटायच्या आत, मे २००३ मध्ये, लंडनला सदबीजने त्याच्या गिटारींचा लिलाव केला. वारसा कर भरायला पैसा हवा होता. गंमत अशी की बँड गाजण्याआधी हाच माणूस कर खात्यात कारकून होता! त्याचे चाहते आजही हळहळतात की एवढा खजिना एका छताखाली राहायला हवा होता. मला ही हळहळ पटत नाही.

बास म्हणजे जाड तारांची, खर्ज सांभाळणारी गिटार. तबल्यातल्या डग्ग्यासारखी तिची गत. वाजते तोवर कुणी दाद देत नाही, थांबली की मैफल पोकळ वाटते. साठच्या दशकात बासवाल्याने मागे उभे राहून दुमदुम करावी एवढीच अपेक्षा असे. एंटविसल लहानपणी पियानो आणि ट्रम्पेट शिकलेला, फ्रेंच हॉर्न वाजवणारा. त्याला बासमधून पियानोसारखी खणखणीत आस हवी होती. मंचावर गायक डाल्ट्री माइक गरगरा फिरवी, टाउनशेंड गिटारी फोडी, मून ड्रम उलथेपालथे करी. हा मात्र खांबासारखा उभा. हलत ती फक्त बोटे.

१९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये त्याने बासवर छोटा एकल तुकडा वाजवला. रॉकमध्ये तोवर असे फारसे कुणी केले नव्हते. त्याची हकीगत तो स्वतःच सांगे. त्यासाठी त्याने डॅनइलेक्ट्रो कंपनीची बास घेतली, कारण तिच्या बारीक तारा हव्या तशा झणझणत. पण त्या तुटत आणि लंडनमध्ये सुट्या मिळत नसत. म्हणून तारेसाठी अख्खी नवी बास विकत घ्यायची! अशा तीन झाल्या, तेव्हा कंटाळून त्याने शेवटी दुसऱ्याच बासवर ते गाणे ध्वनिमुद्रित केले.

ही अडचण त्याच्या डोक्यातून गेली नाही. बासच्या तारेवर तेव्हा बहुधा चपटी पट्टी गुंडाळलेली असे. त्यामुळे बोट सरकताना खरखर होत नसे, पण आवाजही दबून जाई. १९६६ मध्ये तो रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीकडे गेला आणि त्यांच्याबरोबर बसून, गोल तार गुंडाळलेल्या बासच्या तारा मनासारख्या वाजेपर्यंत त्याने काम केले. पुढे त्या बाजारात आल्या. आज रॉक बासचा जो धातूचा, गुरगुरता आवाज आपण गृहीत धरतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे. माझ्या लेखी त्याच्या साऱ्या गिटारींपेक्षा ते मोठे.

गिटारींचा शौक त्याला जबर होता, हे खरे. पण त्यातली सर्वांत नावाजलेली 'फ्रँकनस्टाइन' पाहा. १९६७ च्या सुमारास पाच मोडक्या फेंडर बासचे सुटे भाग जोडून त्याने ती हॉटेलात बसून बांधली आणि कित्येक वर्षे तीच वाजवली. नंतर अलेम्बिक आल्या, कार्बन फायबरची 'बझर्ड' आली. जुने टाकून नव्याकडे जाताना तो घुटमळला नाही.

या आवाजाची किंमतही त्याने मोजली. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर 'द हू'चा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला. सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीज बुकात नोंद झाली, चाहत्यांना अभिमान वाटला. एंटविसलला मात्र उतारवयात नीट ऐकू येत नव्हते. मृत्यू हृदयविकाराने झाला आणि त्यात कोकेनचा वाटा होता, असे तपासात निघाले. त्याच्या कौतुकात हे झाकू नये.

'फ्रँकनस्टाइन'सुद्धा त्या लिलावात विकली गेली. ज्याने घेतली त्याने खुशाल काचेत ठेवावी. गोल गुंडाळलेल्या तारांचे पाकीट दुकानात खुंटीवर टांगलेले असते, आणि ते घेणाऱ्या बहुतेक पोरांना एंटविसल कोण हेही ठाऊक नसते.