संगणकाचा 'इस्तिमारा' कोण देणार?

मार्च महिना आला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या पत्रिकेच्या 'देणे-घेणे' पानावर जागा पुरत नाही. कायमचे भारतात परतणाऱ्या कुटुंबांचे सोफे, फ्रीज, सायकली, आणि हल्ली प्रत्येक अंकात निदान एक-दोन संगणक. जाहिरात बहुधा एकाच साच्यातली असते : 'लॅपटॉप, उत्तम स्थितीत, ओरिजिनल विंडोजसह.' या शेवटच्या दोन शब्दांबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. 'ओरिजिनल' म्हणजे नेमके काय, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

मोटार विकताना आपण असे वागत नाही. इस्तिमारा दुसऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय कोणी किल्ली हातात देत नाही. मग ज्या संगणकावरून आपण घरी पैसे पाठवतो, मुलांचा अभ्यास घेतो, त्याच्या कागदपत्रांबाबत एवढे औदार्य का?

विंडोजचा परवाना साधारण तीन प्रकारचा असतो. पहिला, यंत्राबरोबर कारखान्यातूनच आलेला. हा त्या यंत्राला लग्नगाठीसारखा बांधलेला असतो. यंत्र विकले तर तो यंत्राबरोबर नव्या मालकाकडे जातो, त्यात काही गैर नाही. पण यंत्र मोडीत काढून नुसता परवाना दुसऱ्याला विकता येत नाही. पूर्वी यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी असे आणि तिच्यावर पंचवीस अक्षरांचा क्रमांक. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून तो क्रमांक मदरबोर्डच्या पोटातच लिहिलेला असतो, म्हणून पट्टी नसली तरी घाबरू नये.

दुसरा प्रकार, दुकानातून वेगळा विकत घेतलेला. तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर घालता येतो. दुसऱ्या माणसाच्या यंत्रासाठीही देता येतो, मात्र देणारा हा त्याचा पहिलाच मालक असला पाहिजे आणि आधीच्या यंत्रावरून तो काढून टाकला पाहिजे. हे मी मनाचे सांगत नाही, परवान्याच्या मजकुरातच आहे. तो मजकूर न वाचता 'मान्य आहे' दाबण्यात आपण सारेच पटाईत.

खरा घोटाळा तिसऱ्या प्रकारात आहे. मोठ्या कंपन्या शेकडो यंत्रांसाठी घाऊक परवाना घेतात. अशी यंत्रे बहुधा कंपनीच्या एका मुख्य यंत्राकडे अधूनमधून हजेरी लावतात, आणि एकदा लागलेली हजेरी १८० दिवस चालते. आता कंपनीने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिले, किंवा कोणी नोकरी सोडताना मागून घेतला, आणि साहेबांनी तो जाताजाता 'ओरिजिनल विंडोजसह' म्हणून विकला. विकताना पडद्यावर सगळे ठीक दिसते. साहेब विमानात बसतात. सहा महिन्यांच्या आत हजेरी संपते आणि पडद्याच्या कोपऱ्यात परवाना मागणारी ओळ उमटते. तोपर्यंत साहेब नाशिकला नाहीतर सांगलीला स्थिरस्थावर झालेले, आणि त्यांचा कतारचा फोन नंबर केव्हाच बंद झालेला.

भारतात जुना संगणक घेतला आणि फसगत झाली तर निदान विकणाऱ्याच्या दारात जाता येते. इथे आपल्यात जुन्या वस्तूंची सर्वांत जास्त विक्री होते ती नेमकी देश सोडण्याच्या आठवड्यात. आणि घेणारा कोण असतो? नुकताच आलेला, कुटुंबाला व्हिसा मिळून पहिलेच घर लावणारा, नव्या यंत्राचे पैसे नसलेला आपलाच माणूस.

त्या कोपऱ्यातल्या ओळीने यंत्र बंद पडत नाही, हे खरे. पण माणूस अस्वस्थ होतो आणि कोणाला तरी विचारतो. मग तो 'कोणी तरी' दहा मिनिटांत फुकट ती ओळ घालवून देतो. ही ओळ घालवणाऱ्या चोरट्या आज्ञावल्यांबरोबर पासवर्ड चोरणारे किडे येतात, हे सुरक्षा तज्ज्ञांनी वारंवार दाखवले आहे. त्याच यंत्रावरून महिन्याच्या शेवटी पगार गावी जातो. जेवणाच्या थाळीच्या भावात मिळणारे परवाना-क्रमांकही तसेच : कुठल्या कंपनीच्या घाऊक परवान्यातले आणि कुठल्या भंगारातले, देव जाणे. आज चालतील, उद्या रद्द होतील.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकू येते : 'मी पैसे मोजले आहेत, वस्तू माझी आहे, मी कोणालाही विकीन.' या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कुकर विकताना आपण कारखान्याला विचारत नाही. आणि मोठमोठ्या न्यायालयांनाही हा प्रश्न सोपा गेलेला नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली मायक्रोसॉफ्टच्याच प्रकरणात ठरवले, की यंत्राबरोबर विकण्यासाठी दिलेली प्रत एकदा रीतसर बाजारात आली की पुढे ती वेगळी विकणाऱ्याला अडवता येत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले : कायमच्या वापरासाठी विकलेला परवाना, इंटरनेटवरून उतरवलेला असला तरी, पुन्हा विकता येतो, मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये हेही सांगितले, की मूळ तबकडी हरवली वा खराब झाली म्हणून जपलेली राखीव प्रत विकता येणार नाही. उलट अमेरिकेत २०१० साली जुन्या ऑटोकॅडच्या प्रती विकणारा गृहस्थ अपिलात हरला. तू मालक नाहीस, परवानाधारक आहेस, असे त्याला सांगण्यात आले. आपल्यातल्या ड्रॉइंग ऑफिसवाल्यांनी हे लक्षात ठेवावे.

भारतात तर गंमतच आहे. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार पाकिटातले सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे असा निर्णय दिला, त्यामुळे तिच्यावर विक्रीकर लागला. म्हणजे कर घेताना ती वस्तू, आणि तुम्ही ती पुढे विकायला निघालात की कंपनी म्हणणार, हा नुसता परवाना! कॉपीराइट कायद्यात १९९४ साली असे शब्द घातले होते, की प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती पुन्हा विकण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडेच राहील. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द वगळले. एवढ्यावरून परवान्यातल्या अटी गळून पडतात असे मात्र कोणी समजू नये.

आम्हा मुंबईकरांना हा प्रकार खरे तर परका वाटू नये. गिरगावातली पागडीची खोली आठवा. लाख रुपये मोजायचे, तीन पिढ्या राहायचे, आणि तरी मालक दुसराच. खोली दुसऱ्याला देता येते, पण मालकाच्या संमतीने आणि त्याचा वाटा देऊन. विंडोज ही अशीच पागडीची खोली आहे. यंत्र मोडीत गेले की त्याला बांधलेला, पैसे मोजून घेतलेला परवानाही त्याच्याबरोबर जातो, हे मला सरळ अन्यायाचे वाटते. पण हे भांडण आपले आणि कंपनीचे. ते विकत घेणाऱ्याच्या गळ्यात टाकून आपण विमानात बसायचे, हे मला मान्य नाही. इथे कतारमध्ये २००२ चा ७ क्रमांकाचा कायदा संगणकाच्या आज्ञावल्यांना कॉपीराइटचे संरक्षण देतो. युरोपातले निवाडे दाखवून इथे कोणाची सुटका होईल, या भ्रमात राहू नये.

तेव्हा संपादक मंडळाला माझी विनंती अशी, की पुढील अंकापासून परवान्याचा प्रकार लिहिल्याशिवाय संगणकाची जाहिरात घेऊ नये. तो शोधायला अर्धा मिनिट पुरतो. विंडोजचे बटण आणि 'आर' एकदम दाबावे, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीतून एस-एल-एम-जी-आर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ, आणि डी-एल-आय अशी अक्षरे टाइप करावीत. उत्तरात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. व्हॉल्यूम दिसला तर त्यावरचा परवाना घाऊक प्रकारातला आहे असे समजावे. अशा वेळी बहुधा यंत्राच्या पोटात कारखान्याचा मूळ परवाना असतोच. कंपनीची आवृत्ती पुसून मूळ आवृत्ती पुन्हा घातली की काम भागते. ते विकणाऱ्याने करून द्यावे, घेणाऱ्याने नव्हे. आणि कंपनीने यंत्र खरोखर दिले असल्याची चिठ्ठी सोबत द्यावी, कारण काही यंत्रे पुसल्यावरही कंपनीचाच पासवर्ड मागत बसतात.

जुन्या यंत्रांबाबत आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. अशा यंत्राचा परवाना कितीही खरा असला तरी त्याची किंमत उरली आहे किती? ते लिनक्स घालून द्यावे. लिनक्सची प्रत कोणी कोणालाही द्यावी, परवानाच तसा आहे. त्यात मराठी लिहिता येते, दहावीच्या मुलाचा अभ्यास होतो. खेळ कमी चालतात म्हणून मुले कुरकुरतील, आईवडील करणार नाहीत.

ज्यांना विकण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी यंत्र दाखवून घ्यायचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला ते घेऊन यावे. जेवणाच्या पंगतीआधी मी आणि आणखी दोघे-तिघे बसू. चार्जर आणि पासवर्ड मात्र विसरू नये. पासवर्ड सौभाग्यवतींना माहीत आहे आणि त्या हळदीकुंकवाला गेल्या आहेत, असे कृपया सांगू नये.