सोलापुरात एक रात्र राहा की!

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. यात्रेकरूंची वाट कुठलीही असो, ती बहुधा सोलापुरावरूनच जाते. पण प्रवासी आमच्या स्टँडवर चहा घेतो आणि पुढची गाडी धरतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. ‘‘गावात बघायला काय आहे?’’ असे पाहुण्याने विचारले, की आम्हीच सांगतो, ‘‘सिद्धेश्वराचं देऊळ बघा नि चादर घेऊन जा!’’

माझा भाचा काही वर्षे जपानात, ओसाकाला होता. तेही एके काळचे गिरणगाव. ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणत त्याला. तिथली मोठी सूतगिरणी १८८३ साली सुरू झाली. आमची जुनी मिल त्याच्याही आधीची, १८७७ची! आज प्रवासी ओसाकात उतरतात, रात्री गल्लीबोळांतून खात हिंडतात आणि दिवसा रेल्वेने क्योतो, नारा ही देवळांची गावे पाहून परततात. आमच्याकडे नेमके उलटे! देवळांच्या गावी मुक्काम आणि गिरणगावाला बगल.

आता खायचे म्हणाल तर आम्ही कुणाला हार जाणार नाही. तेल सुटेपर्यंत कुटलेली लालभडक शेंगाचटणी, पापडासारखी मोडणारी ज्वारीची कडक भाकरी, वर दही; शेंगापोळी, धपाटे आणि थंडीत शेतावरचा हुरडा. (हुरड्यासोबत सॉस मागणारा पाहुणा मी पाहिला आहे. असो.) रात्री पार्क चौकात चौपाटी भरते. समुद्र नाही, पण गर्दी मुंबईच्या तोडीची. रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार मध्यरात्र उलटली तरी जागा असतो आणि जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा भरला, की अख्खे गाव होम मैदानावर लोटते. त्या गर्दीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळे एकदमच कानांवर पडते. एके काळी इथली रात्र गिरणीच्या पाळीची होती. भोंगे थांबले, पण जागायची सवय गेली नाही.

हे काही नुसते जिभेचे चोचले नव्हेत. गिरण्या गेल्या, मागांचे दिवसही पूर्वीसारखे राहिले नाहीत. पण भाकरी थापणाऱ्या आणि चटणी कुटणाऱ्या बायकांच्या हातांना आजही काम आहे. प्रवासी रात्रभर थांबला, तर त्याच्या खिशातले चार पैसे त्यांच्या घरी जातील. म्हणून मला ‘पर्यटन विकासा’च्या कमानींपेक्षा एका मुक्कामाचे मोल जास्त वाटते.

आणि सकाळी? नळदुर्गचा पाणीमहाल आहे, नान्नजच्या माळावर काळवीट आहेत. माळढोकाची मात्र आता फार आशा धरू नये. माझे मत विचाराल तर हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेचा संगम, शेकडो मुखे कोरलेले शिवलिंग आणि संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. वाचणारा विजयी होवो, असा त्याचा आशय. लवकर निघा, ऊन चढायच्या आत पोचा आणि भाकरी-चटणी बांधून न्या. संगमाच्या काठी बसून खाता येईल.