डिस्चार्ज कार्डावरच्या दोन तारखा

पोटाचे ऑपरेशन झाले, आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघाले, जखम कोरडी आहे, रुग्ण जेवतो आहे. सर्जनच्या लेखी केस संपली. फॅमिली डॉक्टरच्या लेखी ती सुरूच झालेली नसते, कारण त्याच्यासमोर येणाऱ्या कार्डावर अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी आणि 'एक आठवड्याने दाखवणे' यापलीकडे फारसे काही लिहिलेले नसते. रक्ताच्या गुठळीचा हंगाम मात्र इथून पुढेच भरात येतो. ब्रिटनमधल्या 'मिलियन विमेन स्टडी'ने २००९ साली सुमारे साडेनऊ लाख स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना पहिल्या सहा आठवड्यांत पायातल्या वा फुप्फुसातल्या गुठळीसाठी भरती व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ सत्तरपट निघाला. सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेलेल्यांमध्येही तो दहापट होता. हा धोका सर्वांत जास्त होता तिसऱ्या आठवड्यात, आणि बारा आठवड्यांपर्यंत तो पुरता ओसरला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात आपला रुग्ण कुठे असतो? 'आता टाके निघाले' म्हणून रातराणीने गावी निघालेला असतो, दहा तास पाय खाली सोडून. पोटरी दुखली तर ती प्रवासाने दुखली असे घरचे ठरवतात, आणि गावातला डॉक्टर तेल लावायला सांगतो, कारण दोन-तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झाल्याचे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

ऑक्टोबरात थ्रॉम्बोसिस दिन (१३ तारीख, व्हिर्चोवचा जन्मदिवस) आणि पक्षाघात दिन (२९ तारीख) दोन्ही येतात, म्हणून हा अंक शस्त्रक्रियेच्या रुग्णातील गुठळी आणि पक्षाघात यांना वाहिला आहे. आतल्या लेखांत औषधांचे तपशील आहेत. संपादकीयात एकच मुद्दा मांडायचा आहे: आपल्याकडे औषधांची वानवा नाही, वानवा आहे ती जबाबदारी लिहून पुढच्याच्या हाती देण्याची.

ज्ञान तर जुनेच आहे. विजय कक्कर या भारतीय वंशाच्या सर्जनने लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किरणोत्सारी फायब्रिनोजेन वापरून १९६९ साली दाखवले, की शस्त्रक्रिया झालेल्या १३२ पैकी ४० रुग्णांच्या पायांत गुठळ्या होत्या. पुढे १९७५ साली त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या बहुकेंद्री चाचणीत ४१२१ रुग्ण होते. हेपरिनचे छोटे डोस न मिळालेल्या गटात शवविच्छेदनात फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने १६ मृत्यू झाल्याचे आढळले, हेपरिन मिळालेल्या गटात २. याला पन्नास वर्षे होऊन गेली. तरी 'आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार' हे वाक्य ऑपरेशन थिएटरच्या चहापानात अजून ऐकू येते. आशियातल्या सात देशांत सांध्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर प्रतिबंधक औषध न देता व्हेनोग्राफी केली, तेव्हा ४१ टक्के रुग्णांत गुठळी सापडली. ती होत नाही असे वाटते, कारण आपण शोधत नाही. जो रुग्ण घरी दगावतो त्याच्या दाखल्यावर 'हृदयविकाराचा झटका' लिहिले जाते आणि विषय मिटतो.

'एन्डॉर्स' या बत्तीस देशांतल्या पाहणीत भारतातली दहा रुग्णालये होती. तिथल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी ६१ टक्के धोक्याच्या गटात मोडत होते आणि त्यांतल्या १६ टक्क्यांनाच मान्य प्रतिबंधक उपचार मिळत होता. साऱ्या देशांचा मिळून आकडा साडेअठ्ठावन्न टक्के होता. पाहणी जुनी आहे, आज चित्र काहीसे सुधारले असेल. पण ते सुधारले असेल ते मोठ्या शहरांत आणि तेही मुख्यतः रुग्ण खाटेवर असेपर्यंत.

इंजेक्शन खाटेपाशीच का थांबते, याचे उत्तर साधे आहे. पुढे ते कुणी, किती दिवस द्यायचे हे कुणी ठरवलेले नसते. खुबा बदलल्यावर ३५ दिवसांपर्यंत, पोटातल्या वा ओटीपोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे, हे आकडे परीक्षेत सगळ्यांनी लिहिलेले असतात. चार आठवड्यांचे एनॉक्सापरिन खर्चाचे आहे हे खरे. म्हणूनच सांध्यांच्या आणि हाडांच्या रुग्णांत ॲस्पिरिनवर झालेले काम आपल्या उपयोगाचे आहे. २०२३ साली बारा हजारांवर अस्थिभंगाच्या रुग्णांत मृत्यूच्या निकषावर ॲस्पिरिन हेपरिनच्या तोडीस तोड ठरले, पायातल्या गुठळ्या मात्र ॲस्पिरिनच्या गटात थोड्या जास्त झाल्या. परवडत नाही म्हणून काहीच न देण्यापेक्षा विचारपूर्वक निवडलेले ॲस्पिरिन बरे, पण ते हाडांच्या रुग्णाला. कर्करोगाच्या रुग्णाला तो हिशेब लावू नये. रुग्णालयाच्या मेडिकलमधून सर्रास विकल्या जाणाऱ्या घट्ट मोज्यांबद्दलही बोलायला हवे. २०२० च्या एका ब्रिटिश चाचणीत, हेपरिन चालू असलेल्या रुग्णांना त्या मोज्यांनी जास्तीचे संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. मोज्यांच्या किमतीत काही दिवसांची इंजेक्शने येतात.

प्रतिबंधक औषध कधीपर्यंत द्यायचे, ही कार्डावर न लिहिलेली पहिली तारीख. आता दुसरी. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासूनच चालू असलेला रुग्ण शस्त्रक्रियेला येतो, तेव्हा ती कधी थांबवायची हे सगळे विचारतात. परत कधी सुरू करायची हे कुणीच लिहीत नाही. सर्जनला वाटते फिजिशियन सांगतील, फिजिशियनने 'फिटनेस' देताना गोळी थांबवायला सांगितलेली असते आणि त्यांचे काम तिथे संपलेले असते. रुग्ण तर शिस्तीचा. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, चालू करायला सांगितलेली नाही, म्हणून महिनाभर गोळी घेत नाही. मग एका सकाळी उजवा हात उचलत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून भरपूर आहेत. त्यांतले अनेक तरुण वयातच कृत्रिम झडप घेऊन जगतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची, १९९० पासून बसवली जाणारी, एका तिरप्या चकतीची झडप कितीतरी जणांच्या छातीत आहे. मायट्रल जागी अशी झडप असलेल्या रुग्णाची गोळी दाताच्या डॉक्टरने 'चार दिवस बंद ठेवा' म्हणून थांबवणे म्हणजे ती झडप अडकण्याला आमंत्रण. एखादा दात काढायला किंवा मोतीबिंदूसाठी गोळी थांबवायची गरज बहुधा नसते. आयएनआर योग्य टप्प्यात असल्याची खात्री करावी, दाढेच्या खड्ड्यात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा बोळा दाबावा, काम भागते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी वॉरफरिन पाच दिवस आणि आपल्याकडे जास्त चालणारे ॲसिनोकूमरॉल दोन-तीन दिवस थांबवणे पुरते. दोघांना एकच नियम लावणारे कार्ड रुग्णाला विनाकारण उघडे पाडते. आणि कृत्रिम झडपेच्या रुग्णाला 'आयएनआरची कटकट नको' म्हणून नव्या गोळीवर टाकू नये, हे पुन्हा एकदा लिहितो. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी २०१२ साली अर्ध्यावर बंद करावी लागली होती.

गोळी बंद असलेल्या मधल्या दिवसांत हेपरिनचा 'पूल' बांधावा का, यावर मात्र आपण जुन्या सवयीने वागतो. २०१५ च्या 'ब्रिज' चाचणीत ॲट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफरिन घेणारे १८८४ रुग्ण होते. पूल बांधला नाही त्यांत गुठळीचे प्रमाण ०.४ टक्के, बांधला त्यांत ०.३. मोठा रक्तस्राव मात्र १.३ विरुद्ध ३.२ टक्के. म्हणजे त्या रुग्णांत पुलाने जे दिले त्याहून अधिक घेतले. मायट्रल जागी जुन्या धर्तीची झडप, किंवा नुकताच होऊन गेलेला पक्षाघात, अशांचा विचार वेगळा करायचा. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅनसारख्या गोळ्यांना तर पूल लागतच नाही. रक्तस्रावाचा धोका बेताचा असेल तर आदला एक दिवस, जास्त असेल तर आदले दोन दिवस गोळी घ्यायची नाही आणि नंतर अनुक्रमे २४ तासांनी किंवा ४८ ते ७२ तासांनी पुन्हा सुरू करायची. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅबिगॅट्रानला जास्त दिवस द्यायचे. एवढे वेळापत्रक कार्डाच्या मागच्या बाजूला मावते.

पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाची टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया लगेच उरकण्याची घाईही नको. डेन्मार्कच्या २०१४ च्या अभ्यासाने नऊ महिने थांबण्याकडे बोट दाखवले होते, २०२४ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे किमान तीन महिने म्हणतात. हर्नियाचे ऑपरेशन तीन महिने सहज थांबते.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डातच पक्षाघात झाला, तर तो सापडायला उशीर लागतो. अंग जड आहे ते भुलीमुळे, बोबडे बोलतोय ते वेदनाशामकामुळे, असे समजून रात्र जाते. सिस्टरने नाडी-रक्तदाबाबरोबर 'हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, नाव सांगा' एवढे विचारले तरी तास वाचतात. केस पेपरवर 'शेवटचा पूर्ण ठीक कधी दिसला' ही वेळ हवीच. नुकत्याच मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेल्याला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे जोखमीचे असते, पण म्हणून हात टेकू नयेत. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. आपल्यापासून सर्वांत जवळ ही सोय कुठे आहे, तो फोन नंबर ड्युटी रूमच्या भिंतीवर आहे का?

बाळंतिणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या चारांतल्या एका बाळंतपणात सिझेरियन झाल्याची नोंद आहे. बाळंतपणाने रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली, त्यात शस्त्रक्रिया, त्यात खाटेवरून उठायचे नाही, आणि वर 'पाणी पिऊन पोट सुटतं' म्हणून घोटभरच कोमट पाणी, शेक-शेगडी, बंद खोली. मेंदूच्या शिरांत गुठळी व्हायला याहून पोषक परिस्थिती ती कुठली. दुसऱ्या आठवड्यात डोके दुखू लागले की 'मणक्यात सुई टोचली होती ना' हे स्पष्टीकरण तयारच असते. सुईमुळे होणारी डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर उतरते. आडवे पडूनही न उतरणारी, दिवसेंदिवस वाढणारी, उलट्या, अंधुक दिसणे किंवा झटक्यासह येणारी डोकेदुखी सुईची नव्हे. तिला एमआर व्हेनोग्राफी लागते, आणि निदान झाले तर हेपरिन, मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरीही. हा शेवटचा भाग अजून अनेकांच्या पचनी पडत नाही. लवकर उपचार झाले तर यांतल्या बहुतेक जणी बऱ्या होऊन घरी जातात. सासूबाईंना समोर बसवून 'हिला पाणी भरपूर द्या, घरात चालू-फिरू द्या' हे सांगणे हा आपल्या प्रिस्क्रिप्शनचा भाग समजावा. जाता जाता: गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कुणी औषधात धरत नाही. शस्त्रक्रियेआधी त्या नाव घेऊनच विचाराव्या लागतात.

फुप्फुसातल्या गुठळीबद्दल एवढेच, की ऑपरेशननंतर अचानक दम लागलेल्याला आधी नेब्युलायझर लावू नका, आणि डी-डायमर मागवू नका. शस्त्रक्रियेनंतर तो वाढलेलाच असतो, त्यातून काही ठरत नाही. थेट सीटी अँजिओग्राफी करा, ती जवळ नसेल तर पायांचे डॉपलर आणि इको. निदान पक्के झाले की पूर्ण डोस, बहुधा तीन महिने, आणि मग बंद. बंद करण्याची तारीखही कुणीतरी लिहावी लागते, नाहीतर रुग्ण पाच वर्षे गोळी खात राहतो आणि एके दिवशी जठरातून रक्तस्राव होऊन येतो.

तेव्हा वाचकांना विनंती. या महिन्यापासून आपल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन छापील ओळी घाला: 'गुठळी-प्रतिबंधक औषध कोणत्या तारखेपर्यंत' आणि 'रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेपासून'. लागू नसेल तिथे 'नाही' लिहा, ओळ रिकामी सोडू नका. खाली ठरवणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि मोबाइल नंबर. फॅमिली डॉक्टरांनी ही ओळ रिकामी दिसली तर त्याच दिवशी सर्जनला फोन करावा, आणि सर्जननी तो उचलावा.

कार्डाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. तो तसाच छापून घ्यायला हरकत नाही.