जिनिव्हाचं बोलावणं आणि घरचा हिशेब

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीला जिनिव्हाहून ई-मेल येतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेत, म्हणजे अंक्टाडमध्ये, संशोधन विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप. घरात मिठाई येते, मामू-खालांचे फोन सुरू होतात. मग अब्बू विचारतात, "पगार किती?" मुलगी म्हणते, "पगार नाही." आणि सगळे गप्प होतात.

अशा वेळी मुलांना वाटतं, घरच्यांना संधीची कदरच नाही. पण अब्बूंचा प्रश्न रास्त आहे. खुद्द संयुक्त राष्ट्रांना हा प्रश्न गेली दहा वर्षं विचारला जातोय.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचा नियम असा: पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले, पुढचं शिक्षण घेणारे किंवा पदवी घेऊन एक वर्ष न झालेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. मुदत दोन ते सहा महिने. वेतन काहीच नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, आरोग्य विमा, राहणं, खाणं सगळं स्वतःचं. अंक्टाडही याच नियमात येते, आणि जिनिव्हा हे जगातल्या सर्वांत महाग शहरांपैकी एक आहे. ऑगस्ट 2015 मध्ये तिथे न्यूझीलंडचा 22 वर्षांचा एक इंटर्न तलावाकाठी तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली. लोकांचं लक्ष जावं म्हणून तंबू आपणच मुद्दाम निवडला, असं त्याने नंतर कबूल केलं. तंबू मुद्दाम असेल, पण पगाराचा आकडा शून्य होता हे खरंच होतं.

त्यानंतर काही हललं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासून इंटर्नना विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना त्याआधीपासून देत होतीच. दुसऱ्यांना किमान वेतन शिकवणाऱ्या संस्थेने न दिलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती! सचिवालय मात्र आहे तिथेच आहे. आता तर तिजोरीतच खडखडाट आहे. सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी सप्टेंबर 2025 मध्ये 2026 च्या नियमित अंदाजपत्रकात सुमारे 15 टक्के कपात आणि जवळजवळ पाचव्या हिश्श्याची पदं कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. पगारी माणसं कमी झाली म्हणून अहवाल कमी होतील असं दिसत नाही. ते काम फुकटच्या हातांवर येणार, अशी भीती वाटते. आणि इंटर्नशिपनंतर नोकरीची अपेक्षा धरू नका, हे संस्था आधीच सांगते. पदं घटत असताना ते वाक्य नीट वाचायला हवं.

पण म्हणून अर्थशास्त्राच्या मुलांनी या वाटेला जाऊच नये का? वाटा आणखी आहेत. वॉशिंग्टनची जागतिक बँक इंटर्नना तासाप्रमाणे वेतन देते, राहण्याची सोय मात्र आपली आपण करायची. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम मुख्यतः पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दहा-बारा आठवडे, पगारी, आणि एका अनुभवी अर्थतज्ज्ञाच्या हाताखाली स्वतःचा शोधनिबंध लिहायचा. मनिलाची आशियाई विकास बँक सदस्य देशांतल्या एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह घेते, आणि भारत तिचा सदस्य आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तोंडी जेद्दाहच्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचं नाव असतं. भारत तिचा सदस्य नाही, त्यामुळे तिथे पात्रतेची अट आधी वाचावी, उमेद नंतर बांधावी.

या कामात असतं काय? आकडे साफ करणं, तक्ते जुळवणं, जुने निबंध वाचून टिपणं काढणं, तळटीपा तपासणं. कंटाळवाणं वाटेल. पण कुठला तक्ता पानावर येतो आणि कुठला गाळला जातो, हे याच टेबलावर ठरतं. 2006 चा सच्चर अहवाल आठवा. वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले 4 टक्क्यांहून कमी, देशाचं प्रमाण सुमारे 7 टक्के. ही गोष्ट मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होती. आकड्यात मांडल्यावर सरकारला ती टाळता आली नाही. त्या समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ होते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर कापडाच्या आयातीचा काय परिणाम होतो, घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईची मोजणी कामगारांत होते की नाही, हे प्रश्न विचारायला सुचणारी मुलं त्या टेबलापर्यंत पोहोचायला हवीत. जिथे सहा महिने घरून पैसे मागवण्याची ऐपत हीच पहिली चाळणी असते, तिथे यंत्रमागवाल्याची मुलगी त्या चाळणीतच अडकते.

तयारी घरबसल्या होते, आणि फुकटात. केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणाचे मूळ आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जागतिक बँकेचे आकडे 2010 पासून सर्वांना खुले आहेत. 'आर' ही संगणक प्रणाली मोफत आहे. महागड्या सॉफ्टवेअरवाचून काही अडत नाही. आपल्या जिल्ह्याबद्दल किंवा धंद्याबद्दल दहा पानांचा, स्वतः केलेल्या तक्त्यांचा निबंध अर्जासोबत असेल तर "मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य लिहावं लागत नाही. आणि एक सावधगिरी: संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. 'जागा पक्की करून देतो' म्हणणारा एजंट पैसे मागत असेल तर फोन तिथेच ठेवावा.

आता राहिला घरचा हिशेब. कर्ज काढून किंवा अम्मीचे दागिने गहाण ठेवून विनावेतन जिनिव्हाला जाणं मला पटत नाही. एक वर्ष थांबून पगारी जागेसाठी अर्ज करणं बरं, निदान इथल्या एखाद्या संशोधन संस्थेत पगारावर काम करून हात तयार होतो. पण ज्या मुलीची निवड आजच झाली आहे तिला काय सांगायचं? आपल्या समाजात शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे अर्ज कॉलेजच्या फीची पावती मागतात, आणि डॉक्टर-इंजिनिअरला पहिली पसंती असते. इंटर्नशिपला फीच नसते, मग पावती कुठली? जिनिव्हातल्या खोलीचं सहा महिन्यांचं भाडं त्या अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो रकाना वाढवायला ट्रस्टच्या एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागू नये.