सुटीत पोरे कोणाच्या भरवशावर?

वार्षिक परीक्षा संपते, मुले दप्तर कोपऱ्यात टाकून उड्या मारतात आणि आईच्या कपाळावर आठी पडते. कारण विदर्भातली सुटी म्हणजे दोन-चार दिवसांचे काम नव्हे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा राज्यातील इतर शाळांपेक्षाही उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर सकाळी आठला धुण्याभांड्याला निघणाऱ्या भगिनीने, बांधकामावर जाणाऱ्या जोडप्याने पोरांना ठेवावे कुठे? पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत दुपारची खिचडी तरी मिळते. सुटी लागली की तीही बंद. म्हणजे सांभाळण्याबरोबर एका जेवणाचाही प्रश्न.

वाचक भगिनींनो, या वयाच्या मुलांची सोय कायद्यात शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर होते, तेही सहा वर्षांखालील मुलांसाठी. २०२० साली संसदेने नवी कामगार संहिता केली, तिच्यातही पाळणाघराची मर्यादा सहाच वर्षांची. कष्टकरी बाईच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकटीवर असू नये म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. त्याला शंभर वर्षे होत आली. पण ते बाळ सात वर्षांचे झाले की सुटीत त्याचे काय, हे कोणी विचारीत नाही. शाळा आहे ना, म्हणतात. आणि शाळेला सुटी असते तेव्हा?

तेव्हा घरात थोरली मुलगी असते. आमच्या वस्तीतील एका ताईंना आम्ही विचारले, तर त्या सहज म्हणाल्या, "माही पोरगी हाये न भाऊ घरी, ते पाहते लहान्याले." पोरगी दहा वर्षांची! त्यांना बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही, कारण आम्हीही तेच केले आहे. आम्ही कचेरीत, मुलांची आई दवाखान्यात कामाला. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. एक उन्हाळा आम्ही मुलीवर घर सोपवून बाहेरून शाबासकी देत काढला. शाळा उघडल्यावर 'मी सुटीत काय केले' असा निबंध आला. तिने लिहिले: पाणी भरले, भावाला आंघोळ घातली, कुकर लावला, भावाला झोपवले, पाणी भरले. पाच ओळी. मुलाला विचारले तर तो पतंग, गोट्या, आंबे असे अर्धा तास सांगत बसला. त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. सभांमधून स्त्रीशिक्षणावर भाषणे करणारा माणूस स्वतःच्या घरात मुलीची सुटी खाऊन बसला होता.

शिवाय धोका निराळाच. आपल्याकडे कूलरशिवाय दुपार निघत नाही. टाकीतले पाणी संपले की पोर चालू कूलरमध्येच बादली ओतते, ओल्या हाताने पत्र्याला धरते. अशा धक्क्याने दर उन्हाळ्यात जीव जातात. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हे मुलांना दहादा सांगा. आणि त्याहून बरे म्हणजे कामावर जाण्यापूर्वी टाकी स्वतः भरून ठेवा.

दुसऱ्या वर्षी आम्ही पैसे भरून एका उन्हाळी शिबिरात नावे घातली. चित्रकला, नाच, टोपी, बिल्ला, सारे झकास. वेळ मात्र सकाळी आठ ते दहा. आम्ही साडेनऊला घर सोडणार आणि मुले दहाला कुलूपबंद दारात येणार! ही शिबिरे आई घरी असलेल्या घरांसाठी असतात, ही साधी गोष्ट फी भरल्यावर आमच्या ध्यानात आली. बी.कॉम. होऊन काय उपयोग.

मग गाव. आजी-आजोबा, मोकळे रान, आंबे. यासारखे सुख नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पाठविण्याआधी विहिरीला कठडा आहे काय, तलावावर पोरांबरोबर मोठे माणूस जाते काय, हे विचारून घ्या. शहरातल्या पोरांना पोहता येत नाही आणि ते कबूल करायला लाज वाटते. आमचा मुलगा एकदा गावाहून आला तो निराळाच प्रश्न घेऊन. एका घरी त्याने पाणी मागितले, तर ओंजळीत वरून ओतले. मित्राला मात्र गडू दिला. "बाबा, असं का?" उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले. मुलांना गावी पाठवू नये असे आमचे म्हणणे नाही. त्यांना आधी सांगून पाठवावे.

गावी किंवा काकाच्या दुकानात पोर 'थोडी मदत' करते, तिकडेही लक्ष असू द्या. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. परंतु सुटीत आणि शाळेनंतर घरच्या धंद्यात, धोक्याचे नसलेले काम करण्याची सूट ठेवली. या सवलतीच्या फटीतूनच पोर सुटीत कामाला लागते आणि शाळा उघडली तरी परत येत नाही, ही आमची धास्ती आहे.

शेवटी पाच घरांनी मिळून विहाराची मागची खोली मागितली. शाळेत मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एक आजी वस्तीतच होत्या. सकाळी नऊ ते पाच मुले त्यांच्याकडे. डबा घरचा, पाण्याचा माठ विहाराचा. खरे भांडण झाले ते पैशावरून. कमिटीतील एक बंधू म्हणाले, "हे समाजकार्य आहे, पैसे कसले?" आम्ही विचारले, मंडप घालणारा समाजकार्य म्हणून फुकट घालतो काय? बाईने पोरे सांभाळली की ती सेवा, आणि पुरुषाने खुर्च्या मांडल्या की मजुरी! दर मुलामागे महिन्याला चारशे रुपये ठरले. दोन घरांनी पहिल्याच महिन्यात बुडवले. त्यातल्या एकाची रोजी खरोखर गेली होती, त्याचे आम्ही वाटून घेतले. दुसऱ्याकडे नवा मोबाईल दिसला, तेव्हा त्याला घरी जाऊन सांगितले.

कोणाकडेही मूल ठेवा, नात्यातले असो वा परके, आधी एकदा दुपारी न सांगता जाऊन या. दार उघडे असते काय, आणखी कोण पुरुषमाणूस येतो-जातो, संडासला लहान मुलीबरोबर कोण जाते, ते पाहा. आणि पोर "तिकडे नको" म्हणाले तर धपाटा घालू नका. जवळ घेऊन का ते विचारा. अशा गोष्टींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन आहे. तो नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. माणूस घरचे आहे म्हणून गप्प बसणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

यंदा विहारात चौदा मुले आहेत. आजी थकल्या, म्हणून आमची मुलगी, जी आता कॉलेजात आहे, सकाळचे दोन तास मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. जाण्यापूर्वी तिने अट घातली: पाणी भरणार नाही, ते बाबांनी येऊन भरायचे. त्यामुळे सध्या आम्ही कचेरीच्या आधी विहाराचा माठ भरतो.