वाटेतला मुक्काम

एक भगिनी, पुणे : कॅनडाला मुलीकडे निघालो आहोत. वाटेत आठ दिवस जर्मनीत भाच्याकडे राहू. आमच्या मोतीलाही न्यावयाचे आहे. तिकिटे पुढच्या महिन्याची आहेत.

ताई, तिकिटे पुढे ढकला! पाहुणा आठ दिवसांचा असला, तरी मोतीला जर्मनीचे नियम लागतातच. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. त्यानंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाच्या मान्य प्रयोगशाळेत तपासणी. आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबणे. शेवटी सरकारी पशुवैद्याचा दाखला. म्हणजे चार महिने तरी लागणारच. यात कसूर झाली, तर मोतीला परत पाठवितात किंवा तुमच्या खर्चाने विलग ठेवितात. दोन्ही अशक्य असल्यास जीवही घेतात. चूक आपली, शिक्षा मुक्या जिवाला!